पंडिता रमाबाई : दलालाच्या आधी पोहोचलेली माऊली



एप्रिल महिना आला की आम्हांला पंडिता रमाबाईंची आठवण होते. २३ एप्रिल १८५८ हा त्यांचा जन्मदिवस आणि ५ एप्रिल १९२२ हा त्यांचा मृत्युदिन. शाळेच्या पुस्तकात आपण बहुतेकांनी त्यांचे नाव वाचलेले आहे. संस्कृतच्या थोर विदुषी, विधवांसाठी शाळा काढणाऱ्या समाजसेविका, केडगावच्या मुक्ती मिशनच्या संस्थापिका, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण त्यांच्या आयुष्यातला एक भाग पुस्तकात फारसा येत नाही. लहान मुलींना फूस लावून, विकत घेऊन किंवा पळवून नेऊन वाईट धंद्याला लावणारे लोक त्या काळीही होते. अशा लोकांच्या हाती पडण्याआधी, आणि कित्येकदा पडल्यानंतरही, रमाबाईंनी शेकडो मुली वाचवल्या. आज आपल्या धर्मग्रामाला हाच भाग सांगावा असे आम्हांला वाटते.

हा विषय रविवारच्या पत्रकात शोभत नाही असे काहींना वाटेल. हे पत्रक मिस्सेनंतर घरोघर जाते, मुलेही ते वाचतात, याची आम्हांला जाणीव आहे. पण ज्या गोष्टीबद्दल घरात आणि चर्चमध्ये कोणी बोलत नाही, त्या गोष्टीत दलालाला मोकळे रान मिळते. म्हणून आईवडिलांनी हा लेख आधी स्वतः वाचावा आणि मग आपल्या वाढत्या मुलामुलींना समजेल अशा शब्दांत सांगावा, अशी आमची विनंती आहे.

भूक काय असते ते पाहिलेली मुलगी

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण. स्त्रियांना संस्कृत शिकवणे त्या काळी धर्माविरुद्ध मानत. शास्त्रीबुवांनी मात्र आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले आणि त्याबद्दल धर्मपंडितांपुढे उभे राहून उत्तरही दिले. पुढे कर्नाटकातल्या पश्चिम घाटात गंगामूळ येथे रानात त्यांनी आश्रम केला. तिथेच रमाबाईंचा जन्म झाला. थोरल्या मुलीचे लग्न लहानपणी लावून दिले होते, ते सुखाचे झाले नाही. त्यावरून शहाणे होऊन शास्त्रीबुवांनी धाकट्या रमेच्या लग्नाची घाई केली नाही. आईने तिला संस्कृत शिकवले आणि हजारो श्लोक तिच्याकडून पाठ करून घेतले.

कर्जापायी आश्रम सोडावा लागला. पुराण सांगत, तीर्थयात्रा करत हे कुटुंब गावोगाव फिरू लागले. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने त्यांना गाठले. मजुरी करण्याची सवय नाही, भीक मागण्याची लाज, अशा अवस्थेत आधी वडील, मग आई आणि काही महिन्यांनी थोरली बहीण अन्नाविना गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. त्या आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास हजारो मैल पायी फिरले. रानातली बोरे बियांसकट खाल्ली. झेलम नदीच्या काठी थंडीच्या रात्री अंगावर पांघरूण नव्हते, तेव्हा वाळूत खड्डे करून, वाळूच अंगावर ओढून ते निजले.

हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत. उपाशी मुलीपुढे कोणी भाकरी धरली तर तो माणूस कोण आहे हे विचारण्याचे बळ तिच्यात नसते. रमाबाईंना हे पुस्तकात वाचून कळले नव्हते. पुढे त्यांनी जे केले त्याचे मूळ या वाळूच्या खड्ड्यात आहे.

१८७८ मध्ये बहीणभाऊ कोलकात्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी रमाबाईंची विद्वत्ता पाहून त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी, जात वेगळी असतानाही, नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा ही मुलगी झाली आणि १८८२ च्या आरंभी पतीला पटकीने नेले. तेविसाव्या वर्षी, वर्षाचेही न झालेले मूल कडेवर असताना, रमाबाई विधवा झाल्या.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांसारख्या सुधारकांच्या मदतीने त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हवेत अशी मागणी त्यांनी केली.

फुलहॅमच्या घरात

१८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या इच्छेने रमाबाई इंग्लंडला गेल्या. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे ते शिक्षण होऊ शकले नाही. वाँटेज या गावी चर्च ऑफ इंग्लंडच्या सिस्टर्सच्या मठात त्या राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी तिथेच त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. त्या कॅथोलिक नव्हत्या. पुढेही कोणत्याच एका पंथाच्या चौकटीत त्या पूर्णपणे बसल्या नाहीत आणि शिकवणुकीच्या मुद्द्यांवर सिस्टर्सशी त्यांचे मतभेदही झाले. तरीही एका घरात त्यांनी जे पाहिले, ते प्रत्येक ख्रिस्ती माणसाने ऐकावे असे आहे.

लंडनच्या फुलहॅम भागात सिस्टर्स एक घर चालवत. शरीरविक्रयाच्या धंद्यातून बाहेर पडलेल्या स्त्रिया तिथे राहत. समाज ज्यांना दारात उभे करत नव्हता, त्या स्त्रिया तिथे सन्मानाने काम करत होत्या, आजाऱ्यांची सेवा करत होत्या आणि सिस्टर्स त्यांच्याशी मायेने वागत होत्या. अशा स्त्रीला पुन्हा घर मिळू शकते हे रमाबाईंनी कधी पाहिले नव्हते. त्यांनी कारण विचारले, तेव्हा एका सिस्टरने त्यांना संत योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची हकीकत वाचून दाखवली. ख्रिस्ताकडे आपले मन कसे वळले हे सांगताना रमाबाईंनी पुढे या प्रसंगाचा उल्लेख केला आहे.

त्याच सुमारास, १८८५ मध्ये, लंडनच्या एका वृत्तपत्राने शहरात अल्पवयीन मुलींची विक्री कशी होते हे छापले आणि मोठी खळबळ उडाली. त्या वर्षी इंग्लंडच्या कायद्याने मुलीच्या संमतीचे वय १३ वरून १६ केले. म्हणजे हा रोग एका देशाचा किंवा एका धर्माचा नव्हता. जिथे गरिबी आणि एकटेपणा होता, तिथे विकत घेणारा हजर होता.

आपल्या देशात तर कायदा त्याआधीच होता. १८६० च्या भारतीय दंडविधानाने सोळा वर्षांखालच्या मुलीला वेश्याव्यवसायासाठी विकणे आणि विकत घेणे हे दोन्ही गुन्हे ठरवले होते. तरीही मुली विकल्या जात होत्या. कायदा कागदावर असतो. मुलगी जिथे उभी असते तिथे तो आपोआप पोहोचत नाही. तिथे कोणीतरी चालत जावे लागते.

शारदा सदन

इंग्लंडहून रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाला त्या हजर होत्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि बोस्टन येथे त्यांच्या कार्याला मदत करणारी संस्था उभी राहिली. मायदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत चौपाटीवर बालविधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई नावाच्या तरुण विधवेशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला, हे अनेकांना माहीत असेल.

त्याच १८९३ साली सदनावर वादळ आले. काही मुली रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला बसतात, त्यांना ख्रिस्ती करण्यात येत आहे, असा आरोप झाला. केसरीने कडक टीका केली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. या वादात दोन्ही बाजूंनी प्रामाणिक माणसे होती हे आपण मान्य केले पाहिजे. आपली मुलगी दुसऱ्या धर्मात जाईल ही भीती ज्या आईबापांना वाटली, त्यांना आपण नावे ठेवू नयेत. आम्हांला दुसरीच गोष्ट लक्षात घ्यावीशी वाटते. मुलींच्या धर्माबद्दल पुण्यात महिनोन्महिने चर्चा झाली. थोड्याच वर्षांनी मुली भुकेपायी विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्यांच्यापर्यंत चालत जाणारी माणसे फार थोडी निघाली.

त्याआधी एकदा रमाबाई यात्रेकरूच्या वेषात मथुरा-वृंदावनला जाऊन आल्या होत्या. तरुण विधवांना पुण्याचे आमिष दाखवून तिथे आणणाऱ्या बायका होत्या. जवळचा पैसा संपला की त्या विधवांच्या वाट्याला काय येते हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. भाविकांची गर्दी जमते तिथे असे शिकारीही जमतात, मग ते क्षेत्र कोणत्याही धर्माचे असो. रमाबाईंची पद्धत इथे दिसते. ऐकीव गोष्टीवर विसंबून न राहता त्या स्वतः जाऊन पाहत.

दुष्काळ आणि दलाल

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडल्याच्या बातम्या आल्या. वाळूत निजलेल्या त्या दिवसांची आठवण असलेल्या रमाबाईंना घरी बसवेना. शारदा सदनाचा खर्च भागताना मुश्कील, नव्या मुलींसाठी पैसा नाही, जागा नाही. तरी त्या निघाल्या.

तिथे त्यांना भुकेबरोबर आणखी एक गोष्ट दिसली. सरकारी मदतकेंद्रे आणि गरीबखाने यांच्या आसपास मुली शोधत फिरणारे लोक होते. आईबाप मेलेली किंवा आईबापांनी सोडलेली मुलगी त्यांना हवी असे. मूठभर धान्य, एखादे लुगडे, शहरात कामाला लावतो असा शब्द, एवढ्यावर मुली त्यांच्यामागे जात. काही आईबाप थोड्या पैशांसाठी मुलगी देऊनही टाकत. काही ठिकाणी ज्यांच्या हाती गरीबखान्याची देखरेख होती, तेच लोक विश्वासाचे नव्हते. रात्री या मुलींचे रक्षण करणारे कोणी नव्हते.

इथे आम्हांला या चरित्राचा गाभा दिसतो. दलाल फार हुशार असतो म्हणून मुली हरवतात असे आपण समजतो. खरे तर तो फक्त आधी पोहोचलेला असतो. मुलीला भूक लागते तेव्हा तो तिथे असतो, घरात भांडण होते तेव्हा तो तिथे असतो, ती एकटी रस्त्यावर येते तेव्हा तो तिथे असतो. तो गोड बोलतो, विचारपूस करतो, खायला देतो. हे सगळे चांगल्या माणसांनी करायचे होते. त्यांनी केले नाही, म्हणून ती जागा दलालाने भरली. रमाबाईंनी दुसरे काही केले नाही. त्या त्याच गावांत, त्याच गरीबखान्यांत, त्याच झाडांखाली गेल्या आणि त्याच्या आधी मुलीचा हात धरला. पहिल्या फेऱ्यांत त्यांनी सुमारे ३०० मुली आणल्या. त्या कोणत्या जातीच्या, हा प्रश्न आता उरला नव्हता.

पहारेकऱ्यावर पहारा

मुली पुण्याला आल्या तेव्हा शहरात प्लेग होता आणि नव्या मुलींना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगाव येथे रमाबाईंनी सदनाच्या उत्पन्नासाठी सुमारे १०० एकर जमीन घेऊन ठेवली होती. तिथे तंबू आणि झोपड्या उभारून त्यांनी मुलींना नेले. अशी ‘मुक्ती’ची सुरुवात झाली.

याच प्लेगच्या दिवसांत एक प्रसंग घडला. रमाबाईंच्या सांभाळातली एक मुलगी प्लेगच्या इस्पितळात नेण्यात आली आणि ती परत आली नाही. तिथल्या एका पहारेकऱ्याने तिला आपल्याजवळ ठेवून घेतल्याचे रमाबाईंना कळले. १८९७ मध्ये त्यांनी मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात उघड पत्र लिहून प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत स्त्रियांची व्यवस्था कशी असुरक्षित आहे हे मांडले. प्रकरण थेट लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेले. मुंबईच्या गव्हर्नरांनी त्यांचे म्हणणे चुकीचे आणि दिशाभूल करणारे ठरवले.

त्या काळी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताविरुद्ध बोलणे सोपे नव्हते. रमाबाईंच्या कामाला परदेशी लोकांची मदत होती, सरकारशी वैर घेणे त्यांना परवडणारे नव्हते. एका अनाथ मुलीसाठी एवढे करावे का, असा व्यवहारी विचार त्या करू शकल्या असत्या. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही जर्मन विचारवंत कांट यांच्याकडून शिकलो की माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरता येत नाही, प्रत्येक माणूस स्वतःच एक साध्य आहे. दलाल मुलीला साधन समजतो, हे तर उघडच आहे. पण संस्थेच्या नावाला धक्का लागू नये म्हणून जो एका मुलीबद्दल गप्प बसतो, तोही तिला साधनच समजत असतो. रमाबाई गप्प बसल्या नाहीत.

आपल्याकडे याचे उत्तर आजही लागते. २०११ मध्ये आपल्याच पनवेलमधल्या एका खासगी बालगृहात गतिमंद मुलींवर चाललेले अत्याचार उघडकीस आले आणि २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने दोषींना शिक्षा सुनावल्या. आश्रय देणारे घरच घातकी निघाले. ख्रिस्तसभेच्या संस्थाही याला अपवाद राहिलेल्या नाहीत. अनेक देशांत चर्चच्या छत्राखाली मुलांचे शोषण झाले आणि ते झाकले गेले, हे आता जगजाहीर आहे. म्हणून पाटी कोणाची आहे हे पाहून विश्वास ठेवू नये. बालगृह असो, वसतिगृह असो, धर्मशिक्षणाचा वर्ग असो, तिथे कोण येते, कोण जाते, मुलांशी एकांतात कोण असते हे विचारण्याचा पालकांना हक्क आहे. तसे विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही.

कृपासदनाचे दार

१८९९-१९०० मध्ये गुजरात, काठेवाड आणि राजपुताना या भागांत पुन्हा दुष्काळ पडला. संवत १९५६ चा म्हणून गुजरातेत तो छप्पन्नचा दुष्काळ म्हणून ओळखला जातो. रमाबाईंनी आपली माणसे तिकडे पाठवली. मुक्तीतल्या रहिवाशांची संख्या दीड हजारांच्या पुढे गेली.

एवढ्या मुलींना नुसते जेवू घालून भागणार नव्हते. पोट भरण्याचे साधन नसलेली मुलगी पुन्हा त्याच बाजारात ओढली जाते हे रमाबाई ओळखून होत्या. म्हणून मुक्तीत शाळा होती आणि शाळेबरोबर शेती, गाईगुरे, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा आणि छापखाना होता. अंध मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल लिपीचे शिक्षण सुरू केले. जिच्या हातात कसब आहे तिला कोणी सहज फसवू शकत नाही, हा त्यामागचा साधा हिशेब होता.

आणि ज्या मुली आधीच त्या धंद्यात ओढल्या गेल्या होत्या, त्यांचे काय? त्यांच्यासाठी रमाबाईंनी ‘कृपासदन’ नावाचे वेगळे घर केले. काही मुली रोग घेऊन आल्या होत्या, काही पळून जात, काहींना कोणावरच विश्वास ठेवता येत नसे. हे काम संथ होते आणि त्यात अपयशही येत असे. पण दार बंद झाले नाही. फुलहॅमच्या घरात जे पाहिले होते, ते त्यांनी दौंडजवळच्या माळावर उभे केले.

आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातही याच काळातली एक मुलगी आहे. आफ्रिकेत सुदानच्या दार्फुर भागात १८६९ च्या सुमारास जन्मलेली बखिता लहानपणीच पळवली गेली आणि अनेकदा विकली गेली. शेवटी ती इटलीत आली आणि व्हेनिसमध्ये कनोसियन सिस्टर्सनी तिला आसरा दिला. मालकीण परत न्यायला आली तेव्हा बखिताने जाण्यास नकार दिला आणि १८८९ मध्ये न्यायालयाने ती स्वतंत्र असल्याचा निकाल दिला. त्याच वर्षी इकडे शारदा सदनाचे दार उघडले होते. बखिता पुढे सिस्टर झाल्या आणि २००० मध्ये त्यांना संतपद देण्यात आले. २०१५ पासून त्यांचा सण, ८ फेब्रुवारी, हा मानवी तस्करीविरुद्ध प्रार्थनेचा आणि जागृतीचा दिवस म्हणून जगभर पाळला जातो. दोघींच्या कथेत एक गोष्ट सारखी आहे. मुलगी निसटून येते तेव्हा कोणाचे तरी दार उघडे असावे लागते.

रमाबाईंची अखेरची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरात गेली. साध्या बाईमाणसाला कळेल असे मराठी त्यांना हवे होते. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुक्तीतल्या स्त्रियांनी स्वतः खिळे जुळवून ते छापले. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या आणि पुढच्या वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनी देह ठेवला. मुक्तीचे काम केडगावला आजही चालू आहे.

आपल्या गव्हाणमध्ये

आता आपल्याकडे वळू. गव्हाण हे आता आडबाजूचे गाव राहिलेले नाही. एका बाजूला न्हावाशेवा बंदर, कंटेनरचे ट्रेलर आणि यार्ड. २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, रेल्वे उरणपर्यंत गेली आणि २०२५ मध्ये विमानतळही आला. उलव्याच्या इमारतींत आणि गावातल्या भाड्याच्या खोल्यांत सर्व राज्यांतून माणसे पोटासाठी येतात. आपल्या तालुक्यातली कातकरी कुटुंबे उचल घेऊन मुलांसकट वीटभट्टीवर जातात. यात वाईट काही नाही. आपल्यातलेही कित्येकजण असेच बाहेरून आलो आहोत. पण जिथे माणसे सतत येतात-जातात आणि शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही, तिथे एक मुलगी दिसेनाशी झाली तर कोणाच्या लक्षात येणार?

दलालाच्या हातात आता मूठभर धान्य नसते. फोनवरची गोड ओळख असते, हुंडा न मागणारे लांबच्या राज्यातले स्थळ असते, शहरात घरकाम किंवा ब्युटी पार्लरची नोकरी असते. आणि तो बहुतेक वेळा अनोळखी नसतो. ओळखीची मावशी, दूरचा काका, गावचाच कोणी असतो. मुलगेही यातून सुटत नाहीत.

रमाबाईंच्या चरित्रावरून आम्हांला आपल्या धर्मग्रामासाठी तीन गोष्टी सुचतात.

पहिली, आधी पोहोचणे. प्रत्येक लघु ख्रिस्ती समूहाने आपल्या आळीतल्या आणि इमारतीतल्या मुलांची माहिती ठेवावी. शाळा अचानक सोडलेली मुलगी, नातेवाईक म्हणून कोणाच्या घरी कामाला आणलेले मूल, आईबाप कामावर गेल्यावर दिवसभर एकटी राहणारी पोरे, यांची विचारपूस करावी. ती आपल्या धर्माची आहेत का, हे पाहू नये. लांबच्या नोकरीचा किंवा लग्नाचा निरोप आला तर पत्ता घ्यावा, घरातल्या मोठ्या माणसाने तिथे स्वतः जाऊन पाहावे आणि मगच मुलीला पाठवावे.

दुसरी, गप्प न बसणे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याचा संभव असल्याचे ज्याला कळेल, त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, त्यावर दिवसारात्री केव्हाही फोन करता येतो. तातडीच्या वेळी ११२ लावावा. प्रकरण आपसात मिटवणे, पंचांपुढे नेणे किंवा गुन्हेगाराशी त्या मुलीचे लग्न लावून देणे, हे मुलीला दुसऱ्यांदा विकण्यासारखे आहे.

तिसरी, परत आलेल्या मुलीला दार उघडणे. तिचे नाव, फोटो, घर यांची चर्चा करू नये आणि फोनवर तर काहीही पुढे पाठवू नये. पीडित मुलाची ओळख उघड करणे कायद्यानेही गुन्हा आहे. तिला शाळेत परत जाऊ द्यावे, हातात काम द्यावे, मिस्सेत तिच्या शेजारी बसावे. सुटून आलेल्या कित्येक मुली पुन्हा त्याच वाटेला जातात, कारण आपल्या नजरा त्यांना घरात राहू देत नाहीत.

मिस्सेच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबरच न केलेल्या चांगल्या गोष्टींबद्दलही क्षमा मागतो. मुलींच्या विक्रीत आपल्यापैकी कोणाचा हात नसेल. पण शेजारच्या खोलीतल्या रडण्याकडे कान बंद करणे, हे त्या दुसऱ्या यादीतले आहे. रमाबाईंजवळ मध्य प्रांतात निघताना पैसा नव्हता, जागा नव्हती आणि समाजाचा पाठिंबा तर नव्हताच. आपल्याजवळ कायदा आहे, फोन आहे आणि दर रविवारी एकत्र जमणारी एवढी माणसे आहेत.

महिला मंडळ, सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्था आणि युवक संघ यांनी मिळून या कामाला सुरुवात करावी. ज्यांना वेळ देता येईल त्यांनी मिस्सेनंतर आमच्याकडे आपले नाव द्यावे. तसेच कोणाच्या मनात एखाद्या मुलाबद्दल शंका असेल, तर ती मनात ठेवून घरी जाऊ नये.

प्रभू येशू, जो बालकांना आपल्याजवळ बोलावतो, तो आपल्या गावातल्या प्रत्येक मुलाचे आणि मुलीचे रक्षण करो आणि त्या रक्षणाच्या कामी आपले हातपाय लावून घेवो.

आपला,
धर्मगुरू